मालवणचं प्रवाळ बघायचं तर आधी तिथी बघा

गेल्या वर्षी आमच्या युवक मंडळाची सहल मालवणला नेली ती नेमकी अमावास्येला. उधाणाचं पाणी, तळाची सगळी माती वर आलेली. मुलांना स्वतःचा हातसुद्धा धड दिसला नाही. या डिसेंबरात शुद्ध दशमी धरली आणि तेच पाणी हिरवट काचेसारखं मिळालं.

कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. दशमीला साडेसात. शिवाय अष्टमी ते दशमी भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, ओढ कमी आणि गढूळपणाही कमी. सकाळी वारा सुटायच्या आत आठला आम्ही पाण्यात होतो. तरी अंदमानसारखं नितळ पाणी मिळेल असं मुलांना सांगू नका. इथे दोन-तीन मीटरपर्यंत स्पष्ट दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा.

आम्ही बावीस मुलं-मुली, सगळी अकरावी-बारावीची. कोल्हापूरहून फोंडा घाटाने कणकवली, कसाल, मालवण. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ सोयीचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

निघण्याआधी महिनाभर दर रविवारी तलावात सराव घेतला, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. नळीतून तोंडाने श्वास घेणं, मास्कमध्ये पाणी शिरलं तर न घाबरता काढणं, आणि मुख्य म्हणजे पाय खाली न सोडता आडवं तरंगणं. घाबरलेलं पोर आधी पाय टेकायला जागा शोधतं, आणि ती जागा म्हणजे प्रवाळच असतं. होडीवाले काका दर पाच मिनिटांनी ओरडत होते, "पाय टेकू नकात रे, ता जिवंत आसा!"

एका घुमटासारख्या दगडाजवळ आम्ही बराच वेळ थांबलो. जवळून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखे बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात एक जीव, दिवसा अंग चोरून बसलेला. रंग त्याचा स्वतःचा नाही, त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालाचा. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. तसा तळहाताएवढा पांढरा डाग एका मुलीनेच शोधून दाखवला. असा घुमट वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. "म्हणजे हा हातभर उंच दगड माझ्या बाबांच्या वयाचा!" ती वर येऊन म्हणाली. वर्गात चार तास बोलूनही मला हे असं पोचवता आलं नसतं.

एक गोष्ट फार खटकली. शेजारच्या होडीतला वाटाड्या फोटोसाठी पर्यटकांना प्रवाळावर उभं करत होता आणि मासे जमावेत म्हणून पाव टाकत होता. होडी ठरवतानाच स्पष्ट बोलून घ्या: पाव नको, उभं राहणं नको, नांगर वाळूतच टाकायचा. आम्हाला भेटलेल्या काकांना हे सांगावं लागलं नाही, उलट त्यांना बरं वाटलं.

सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट घाला. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही काढू नये. चार मुलांमागे एक मोठा माणूस पाण्यात हवाच. न्याहारी हलकी ठेवा, नाहीतर होडीत उलट्या होतात. जेवण परतल्यावर: बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी.

परतताना एका मुलाच्या पिशवीत किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा निघाला. मेलेला असला तरी तो उचलून नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बस थांबवली, त्यानेच पळत जाऊन तो पुन्हा लाटांत ठेवला.