एक पान सरकलं तेव्हा

मी लिहिलेल्या चित्रकादंबरीची फाइल छपाईला जायची होती त्या दिवशी सकाळीच लेटरिंग करणाऱ्या, म्हणजे चित्रांवर शब्द बसवणाऱ्या मुलाचा फोन आला. "दादा, पूल तुटलाय."

मला वाटलं, चित्रातच काही गडबड असेल. त्याने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा उजेड पडला. पान ४० आणि ४१ मिळून आमचं एकच मोठं चित्र होतं: पुराच्या पाण्यावरचा पूल आणि त्यावरून धावणारी माणसं. ते आता ४१ आणि ४२ वर गेलं होतं. म्हणजे अर्धा पूल कागदाच्या एका बाजूला आणि उरलेला त्याच कागदाच्या पाठीवर.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आदल्या आठवड्यात मीच हट्टाने सुरुवातीला एक पान घुसवलं होतं, पात्रपरिचयाचं. तीन भावंडं, त्यांची नावं, थोरलं कोण, धाकटं कोण. शेवटचं पान कोरंच होतं. मनोगत एक घर पुढे सरकून तिथे गेलं, ६४ पानांचा हिशेब जुळला आणि मी खूश. गोष्ट तिसऱ्या पानाऐवजी चौथ्यावर सुरू होतेय, याचा अर्थ काय होतो हे डोक्यात आलंच नाही. नऊ वर्षं हेच काम करून!

पूल निदान दिसत तरी होता. खरा घोळ त्याच्या बराच आधी झाला होता. आमच्या गोष्टीत बुडून मेला असं सगळे समजतात तो भाऊ एका रात्री दारात उभा राहतो. पूर्ण पानभर तो एकटाच. हे चित्र मुद्दाम २२व्या पानावर ठेवलं होतं. डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तकात सम आकड्याचं पान डावीकडे येतं, म्हणजे ते उलटल्याशिवाय दिसत नाही. आता ते २३वर, उजवीकडे गेलं होतं. डाव्या पानावर बहीण दारावरची थाप ऐकतेय आणि समोरच्याच पानावर भाऊ उभा! थाप ऐकायच्या आधीच वाचकाला तो दिसणार. एवढी मेहनत घेऊन रचलेलं रहस्य आम्हीच ताटात वाढून ठेवलं होतं.

चित्रकार मैत्रिणीला फोन लावला. तिने दोन सेकंदांत निकाल दिला, "परिचय काढ. सगळं जागेवर येतं."

बरोबरच होतं तिचं. पण मी भांडलो. वाचकाला नावं कळणार कशी, वगैरे वगैरे. (खरं कारण वेगळं होतं. त्या पानावरची वाक्यं मला फार आवडली होती.) ती ऐकून घेत होती आणि एकीकडे तिचा पेन चालू होता, टॅब्लेटवरचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तिने एक चित्र पाठवलं आणि म्हणाली, "मग हे बघ. परिचय ठेवायचा असेल तर हे करावं लागेल."

थापेच्या पानावर सहा चौकटी होत्या. तिने त्या तीन-तीन करून दोन पानांत पसरवल्या होत्या. पहिल्या पानावर शिवणकाम, वर झालेली मान, थांबलेली सुई. दुसऱ्यावर उठणं, दारापर्यंतचा अंधार, आणि शेवटी कडीवरचा हात. आधी हा हात काडेपेटीएवढ्या चौकटीत माझ्या संवादांच्या दोन फुग्यांखाली दबला होता. आता तो पानाच्या रुंदीभर पसरला होता आणि अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी पहिल्यांदाच नीट दिसत होती. सुई टोचली म्हणून बांधलेली. ही चिंधी मी लिहिलेलीच नव्हती.

आता हात २३वर, आणि भाऊ २४वर, पान उलटल्यावर. पूल ४२-४३वर, अखंड. नवव्या पानावरची एक छोटी गंमत मात्र वाया गेली. ती विभागणीच्या आधी येते, तिला इलाज नव्हता.

"फुगे कुठे बसवू?" लेटरिंगवाल्याने विचारलं. त्या पानावर माझे शंभराच्या आसपास शब्द होते. 'वाराच असेल.' 'एवढ्या रात्री कोण येणार?' वरून निवेदनाची पट्टी: 'तिच्या काळजात धस्स झालं.' थांबलेली सुई समोर दिसत असताना हे मी कोणाला सांगत होतो? आम्ही 'कोण आहे?' एवढंच ठेवलं, तेही अंधाराच्या चौकटीत. कडीची चौकट रिकामी.

अगदी पहिल्या स्क्रिप्टमध्ये मी एका चौकटीत लिहिलं होतं, 'तो उठतो, दिवा विझवतो आणि जिना उतरतो.' तेव्हाच्या चित्रकाराने समासात विचारलं होतं, 'यातलं नक्की काय काढू?' तिथून शब्दांची भीड चेपली ती इतकी की चौकट माझ्या लिहिण्याने भरून जायला लागली. हल्ली मात्र मी बिनशब्दांची पुस्तकं धुंडाळत असतो. अमेरिकन चित्रकार लिंड वॉर्डची १९२९ची लाकूडठशांची कादंबरी आहे, १३९ चित्रं आणि संवाद एकही नाही. चित्रं फक्त उजव्या पानावर, डावं कोरं. म्हणजे प्रत्येक चित्र पान उलटल्यावरच भेटतं. महिनाभर हे कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो, आणि स्वतःच्या पुस्तकात डावं-उजवं विसरलो.

एक पान वाढलं म्हणजे एक जाणार. गोष्ट आता ४ ते ६४, मनोगताला जागाच नाही. ते काढताना परिचयाइतकं जिवावर आलं नाही. परिचय उरला खरा, पण त्यातलीही चार वाक्यं मी जाता जाता उडवली.

संध्याकाळी फाइल गेली. मग तीच मोबाइलवर उघडली. तिथे एका वेळी एकच पान दिसतं, डावं-उजवं काही नाहीच. दिवसभराची अर्धी धावपळ तिथे बिनकामाची. हात मात्र तिथेही अडवत होता.

पुढचं काम उभ्या स्क्रोलचं आहे, मोबाइलवर बोटाने सरकवत वाचायच्या कोरियन वेबटून चित्रकथांसारखं. तिथे पानच नसतं, दोन चित्रांमधलं अंतर हाच वेळ. म्हणून सध्या फ्रान्समधल्या बायो गावची भरतकाम केलेली प्रसिद्ध पट्टी न्याहाळतोय. अकराव्या शतकातली, साधारण ७० मीटर लांब, अख्खं युद्ध सलग. ती आडवी, आमचं उभं, पण उलटायला पान तिथेही नाही.

रात्री नव्या स्क्रिप्टची पहिली ओळ लिहून मैत्रिणीला पाठवली: 'बंद दार. खाली मोकळी जागा.'

"किती?" तिने विचारलं.

"तीनदा बोट सरकवावं लागेल एवढी."

"दोनदा," तिचं उत्तर आलं.