हिपॅटायटिस सी : रिपोर्टवरच्या एका आकड्यानं अडवलं (माझा अनुभव)

वडिलांना पूर्वी बरेचदा रक्त चढवलेलं. हिपॅटायटिस सी (यकृताला सूज आणणारा विषाणू) निघाला, रिपोर्टवर ‘जीनोटाइप १’ (विषाणूचा प्रकार), म्हणून खासगीत सोफोसबुवीर-लेडिपासवीर या गोळ्या १२ आठवडे. कोर्स संपताना व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) ‘नॉट डिटेक्टेड’. पुढच्या १२ आठवड्यांनी विषाणू परत, आणि आता जीनोटाइप ३.

लॅबचं उत्तर एकच : दोनपैकी एक रिपोर्ट चुकला असेल. याचा राग अजून जात नाही, कारण दोन्ही बरोबर असू शकतात. वारंवार रक्त चढवलेले, डायलिसिसवरचे, सुया वाटून घेणारे अशांच्या रक्तात दोन प्रकार एकत्र नांदू शकतात. नेहमीचं सिक्वेन्सिंग (विषाणूची जनुकं वाचून प्रकार ठरवणारी चाचणी) वरचढ असलेल्याचाच आकडा देतं. साधारण १५-२० टक्क्यांखालचा प्रकार त्यात दिसतच नाही. लेडिपासवीर १ वर चांगलं चालतं, ३ वर कमी पडतं. १ साफ झाला की दबलेल्या ३ ला मोकळं रान मिळतं. नवा संसर्गही असू शकतो, पण ते ठरवायला उपचारांआधीचा नमुना लागतो आणि तो टाकून दिलेला. म्हणून सुरुवातीलाच विचारा : जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रक्तातला प्लाझ्मा (पातळ भाग) वेगळा करून उणे ७० अंशांत ठेवाल का? जीनोटाइप गोळ्या सुरू व्हायच्या आधीच करा. नंतर लोड इतका उतरतो की चाचणीत प्रकार निघतच नाही. लॅब पैसे घेते आणि ‘अनडिटरमाइंड’ लिहून देते. आधी विचारा, किमान किती लोड लागतो.

अँटी-एचसीव्ही (सी विरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी) पुन्हा करू नका, बरं झाल्यावरही ती पॉझिटिव्हच राहते.

पुढचं मार्गी लागलं : सोफोसबुवीर-वेलपटासवीर, जोडीला रिबाविरिन, २४ आठवडे. रिबाविरिननं हिमोग्लोबिन उतरतं, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) चुकवू नका. वेलपटासवीर चालू असताना पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी मनानं घेऊ नका, औषध अंगी लागत नाही. आणि हो, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्तचाचणी) आधीच करून घ्या. सी दबला की लपलेला बी उसळू शकतो.

२०१८ पासूनच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात. तिथं पहिल्या उपचाराला बहुतेकांचा जीनोटाइप विचारतच नाहीत, कारण डॅक्लाटासवीर किंवा वेलपटासवीरची जोडी सगळ्या प्रकारांवर चालते. एकदा उपचार फसला असेल तर थेट मॉडेल ट्रीटमेंट सेंटरची (या कार्यक्रमातलं वरच्या पातळीचं उपचार केंद्र) चिठ्ठी मागा, आणि दोन्ही जीनोटाइप रिपोर्ट मूळ प्रतींसह न्या.