सर्व्हरच्या पोटात एक छोटी भाषा

बुधवार, रात्र

आज दुपारपासून खोल्यांच्या दरांचे नियम एनजिनएक्सच्या, म्हणजे पानं पुरवणाऱ्या वेब सर्व्हरच्या, आतच चालायला लागले. वेगळं ॲप नाही, वेगळी प्रोसेस नाही, रिक्वेस्ट आली की ती हाताळणाऱ्या सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे वर्करमध्ये, एक छोटं फंक्शन चालतं, रात्रीचा दर सांगतं आणि संपतं. एवढी एक ओळ लिहून झोपणार होतो पण डोकं शांत होत नाहीये, बाहेर पाऊसही कोसळतोय आणि लाईट अजून गेलेली नाही, तर सगळं लिहूनच काढतो.

काम तसं साधं वाटणारं. आपल्या घराच्या एकदोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या लोकांसाठी बुकिंगचं पान सांभाळतो, सगळे गोव्यातले, कोणी चोडणचे, कोणी काणकोणचे, कोणी पेडण्याचे. हॉटेलवाले नाहीत हे, घरं आहेत, आणि घर म्हटलं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन रात्रींच्या खाली कोणी नको. दुसऱ्याला पावसात खोली रिकामी ठेवण्यापेक्षा कमी दरात दिलेली बरी वाटते. चोडणच्या काकी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "चवथीला पाच दिवस कोणी नको हां रे, घर भरलेलं असतं आमचं, मुंबईची सगळी येतात." आता चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, ती तर दरवर्षी वेगळ्या तारखेला, 2025 ला 27 ऑगस्ट, 2026 ला 14 सप्टेंबर. त्यात सरकार मधेच कर बदलतं, 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, म्हणजे ज्यांना तो लागू होतो त्यांचा हिशोब त्या तारखेच्या आधी एक आणि नंतर एक.

हे सगळं कॉन्फिग फाईलमध्ये घालायचा मार्ग सगळ्यांनाच माहीत आहे आणि तो कुठे जातो तेही. आधी दोन रकाने असतात, मग कोणीतरी म्हणतं वीकेंडला वेगळं, मग "आणि" पाहिजे, मग "किंवा" पाहिजे, मग टक्केवारी, मग टक्केवारीवर टक्केवारी, आणि शेवटी त्या फाईलमध्ये एक अर्धीकच्ची भाषा तयार झालेली असते जिचं व्याकरण कुठेच लिहिलेलं नाही. मला मनापासून वाटतं की भाषा येणारच असेल तर तिला पुढच्या दारानं बोलवावं, नीट बसवावी, आणि तिला काय करता येईल आणि काय अजिबात करता येणार नाही हे आपण ठरवावं. गेले कितीतरी दिवस हेच चाललंय.

एनजिनएक्सच्या आत भाषा बसवायची म्हटलं की सगळ्यात मळलेली वाट लुआ या छोट्या प्रोग्रामिंग भाषेची. यिचुन झांग यांनी उभं केलेलं ओपनरेस्टी म्हणजे एनजिनएक्समध्ये लुआजिट (लुआ मशीन कोडमध्ये नेऊन वेगात चालवणारं इंजिन) घट्ट बसवलेलं. लुआ 1993 ची, ब्राझीलमध्ये रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली, आणि तिचं मूळ वाचलं तेव्हा फार आपलं वाटलं, कारण ती ज्या आधीच्या दोन छोट्या भाषांतून आली त्या पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या इंजिनिअरांना आपला डेटा आणि नियम स्वतः लिहिता यावेत म्हणून केल्या होत्या. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी प्रोग्रामच्या आत राहून, प्रोग्रामर नसलेल्या माणसाच्या उपयोगी पडणं हे तिच्या रक्तातच आहे. (ब्राझीलहून आपल्याकडे काजू आला, आता हीही आली.)

पण लुआ पूर्ण फंक्शनल नाही, म्हणजे एकदा ठेवलेली व्हॅल्यू बदलायचीच नाही अशा पद्धतीची भाषा नाही. फंक्शन व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं, क्लोजर (आजूबाजूची व्हेरिएबलं लक्षात ठेवणारी फंक्शन) आहेत, फंक्शननं शेवटी दुसऱ्या फंक्शनला बोलावलं (टेल कॉल) तर मेमरीतला स्टॅक वाढत नाही, हे सगळं खरं, पण कुठलीही व्हॅल्यू कुठूनही बदलता येते. म्हणून वर फेनेल ही भाषा घेतली, ती लिस्प या जुन्या भाषेच्या घराण्यातली, कंसांची, आणि ती सरळ लुआमध्येच कंपाइल होते त्यामुळे चालताना वेगळं ओझं काहीच नाही. फेनेलमध्ये एकदा दिलेलं नाव परत बदलता येत नाही, बदलायचं असेल तर तसं आधी स्पष्ट सांगावं लागतं. टेबलं मात्र लुआचीच, ती बदलतात, म्हणून नियमाला बुकिंगचं टेबल देताना मी त्याची वाचण्यापुरतीच प्रत देतो, लिहायला गेलं की एरर.

बदलण्याचा मुद्दा एवढा का लावून धरलाय ते लिहितो. एनजिनएक्सचा एक वर्कर एकाच वेळी हजारो कनेक्शन सांभाळतो आणि सगळ्यांसाठी आतला लुआ व्हीएम, म्हणजे लुआ चालवणारं यंत्र, एकच असतो. प्रत्येक रिक्वेस्टला स्वतःची कोरूटीन (मधे थांबून परत तिथूनच सुरू होणारं काम) मिळते, डेटाबेसची वाट बघायची वेळ आली की ती बाजूला होते, दुसरी पुढे सरकते, आणि आपल्याला मात्र कोड सरळ वरून खाली लिहिल्यासारखाच दिसतो. फार सुंदर व्यवस्था आहे ही. पण मॉड्यूलच्या पातळीवर एखादं व्हेरिएबल ठेवलं तर ते त्या वर्करमधल्या सगळ्या रिक्वेस्टचं सामायिक होतं. एका पाहुण्याचं नाव त्यात ठेवलं, मग डेटाबेससाठी थांबलो, तेवढ्यात दुसऱ्याची रिक्वेस्ट आली आणि तिनं तिथे आपलं नाव लिहिलं, की पहिल्याला दुसऱ्याचं बुकिंग दिसणार. आणि हे टेस्टिंगला सापडत नाही, कारण टेस्ट करताना आपण एकटेच असतो. ज्या भाषेत बदलायची सोयच नाही तिच्यात ही गळती होऊच शकत नाही. काळजीपूर्वक लिहा असं बजावत बसण्यापेक्षा हे मला कितीतरी जास्त भरवशाचं वाटतं, विशेषतः जेव्हा नियम मी एकटाच लिहिणार नाहीये.

दुसरी गोष्ट थांबण्याची. वर्कर म्हणजे रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट समजा, धक्क्यावर एक गाडी बंद पडली की मागची सगळी रांग अडकते, मागच्याची गाडी कितीही चांगली असो. नियमात कोणी चुकून न संपणारा लूप लिहिला तर तो वर्कर गेलाच, त्यावरची सगळी माणसं ताटकळत. यावर पहारा बसवायचा म्हणून लुआचा डीबग हुक असतो, अमुक इतक्या इन्स्ट्रक्शन झाल्या की आपलं फंक्शन बोलवणारा, पण लुआजिटनं एकदा तो लूप मशीन कोडमध्ये नेला की हुक तिथे तपासलाच जात नाही. मशीन कोडमध्ये नेणं (जिट) बंद ठेवून भागवता आलं असतं, पण मला चालताना पकडापकडी करायचीच नव्हती, चालण्याआधीच कळायला हवं होतं.

आणि इथे लिस्पचे कंस कामाला आले. जॉन मकार्थींनी 1958 साली लिस्पवर काम सुरू केलं, तेव्हापासून तिच्यात कोड हाच डेटा, म्हणजे लिहिलेला नियम हा स्वतःच एक यादी असतो, यादीत यादी. फेनेलचा पार्सर, म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना काढणारा भाग, ती यादी हातात देतो, मग मी ती वरून खाली चालत जातो आणि माझ्या परवानगीच्या शब्दांपलीकडचा एकही शब्द दिसला तर नियम परत पाठवतो. लूप नाही. स्वतःचं फंक्शन लिहायचं नाही, म्हणजे स्वतःलाच बोलावणंही नाही. नावात टिंब किंवा कोलन आलं तरी नको, कारण तिथून कोणी स्ट्रिंगच्या मेथडपर्यंत पोचेल आणि एकच शब्द अब्जावधी वेळा जोडून मेमरी खाऊन टाकेल. एकेका रात्रीवरून फिरायचं काम माझा कोड बाहेरून करतो, नियमाला एका वेळी एकच रात्र मिळते. एवढं गाळल्यावर जे उरतं ते संपणारच. बघू, होप आहे, असं नाही, संपणारच. ही खात्री मिळाल्यावर जे वाटलं ते शब्दात सांगणं अवघड आहे, मी उठून गॅलरीत जाऊन आलो.

हे खूळ माझ्या एकट्याचं नाही. फेसबुकनं 2015 मध्ये लिहिलं होतं की स्पॅम पकडणारी त्यांची सिग्मा ही यंत्रणा त्यांनी हॅस्केल या फंक्शनल भाषेवर नेली, सेकंदाला दहा लाखांवर रिक्वेस्ट, वर सी प्लस प्लसचा सर्व्हर, खाली सी प्लस प्लसच्या लायब्ररी, मध्ये हॅस्केलमध्ये नियम. त्यांचीही गरज तीच, नियम सारखे बदलतात आणि बदलले की लगेच लागू व्हायला हवेत. कोणा एका रिक्वेस्टनं सगळी मेमरी खाऊ नये म्हणून त्यांनी हॅस्केलच्या कंपायलरमध्येच प्रत्येक रिक्वेस्टला मर्यादा घालायची सोय करून घेतली. त्यांचा आकडा आणि माझा आकडा यांची बरोबरीच नाही, पण प्रश्न तोच आहे आणि उत्तराची दिशाही तीच, हे बघून फार धीर आला.

आता मुख्य, नियम दिसतो कसा. फेनेलला देवनागरी नावं चालतात, आणि मॅक्रो (कोड तयार करणारा कोड) लिहून "जर" हा शब्द मी भाषेतच आणला. काकींचा नियम असा आहे:

(जर (चवथ? रात्र) बंद
    (पावसाळा? रात्र) (टक्के 60 दर)
    दर)

बस. रात्र चवथीतली असेल तर बंद, पावसाळ्यातली असेल तर दराच्या साठ टक्के, नाहीतर नेहमीचा दर. चवथीच्या तारखा बाहेरून येतात, मी पंचांग बघून वर्षावर्षाच्या भरून ठेवल्यात, कुठल्या घरी दीड दिवस, कुठे पाच, कुठे सात ते त्या त्या घराच्या माहितीत.

परवा फेरी पकडून काकींकडे गेलो होतो, सोप्यावर बसून त्यांना लॅपटॉपवर हेच दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बोट ठेवत ठेवत वाचलं, कंस बघून थोड्या थांबल्या, मग म्हणाल्या, "आदल्या दिवशी येऊन चार दिवस राहीन म्हणाला कोणी, तर?" नेमका तोच प्रश्न! तर म्हटलं काकी, हा नियम येण्याच्या दिवसाला विचारत नाही, प्रत्येक रात्रीला विचारतो, एक जरी रात्र बंद आली तरी बुकिंग होत नाही. लगेच तशी तारीख टाकून दाखवली, बंद आलं, त्यांचं समाधान झालं. मग त्यांनीच विचारलं की साठच्या जागी सत्तर केलं तर गेल्या वर्षी किती फरक पडला असता.

हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचं उत्तर तिथल्या तिथे देता येतं, याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता असं मला तेव्हा वाटलं. नियम शुद्ध फंक्शन आहे, त्याला रात्र आणि दर दिला की तो आकडा देतो, कुठे लिहीत नाही, मेल पाठवत नाही, घड्याळ बघत नाही, आजची तारीखसुद्धा लागली तर मीच देतो. म्हणून गेल्या वर्षीची सगळी बुकिंगं जुन्या आणि नव्या नियमातून काढून दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, कोणाला चुकून मेसेज जाईल, कुठलं बुकिंग हलेल ही भीतीच नाही. अर्थात दर वाढल्यावर तेवढेच पाहुणे आले असते का ते फंक्शन सांगत नाही, तेही काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या साठच राहू दे, पावसात येणारी माणसं शांत असतात.

पणजीतल्या मित्राशी मात्र अजून जमत नाहीये. त्याचं म्हणणं, एवढं कशाला, वेगळी सर्व्हिस काढ, एपीआय दे, रोजच्या वापरातल्या भाषेत लिही, उद्या तू नसलास तर कंस कोण वाचणार. शेवटचा मुद्दा खरा आहे आणि तो मी हलका घेत नाही. पण वेगळी सर्व्हिस म्हणजे अजून एक गोष्ट जी बंद पडू शकते, प्रत्येक दराला नेटवर्कची एक फेरी, आणि मुख्य म्हणजे त्या सर्व्हिसमध्ये नियम लिहिणाऱ्याला परत सगळी दारं उघडी, फाईल, सॉकेट, सगळं. मला दारं नकोच आहेत. आणि कंसांचं म्हणाल तर काकींनी ते वाचले, पंचाहत्तरी उलटलेल्या बाईनी, आणि त्यातून अचूक प्रश्न काढला.

आज लाईव्ह नेताना एकच गोष्ट जरा किचकट होती ती लिहून ठेवतो. वर्करांमध्ये सामायिक असलेल्या शेअर्ड डिक्शनरीत फंक्शन ठेवता येत नाही, स्ट्रिंग, आकडे, खरं-खोटं एवढंच. म्हणून तिथे नियमाचा मजकूर आणि एक आवृत्ती क्रमांक ठेवला, प्रत्येक वर्कर रिक्वेस्टच्या सुरुवातीला क्रमांक बघतो, वाढला असेल तर मजकूर घेऊन स्वतःपुरता एकदा कंपाइल करतो आणि तयार फंक्शन जवळ ठेवतो. कंपाइल झालं नाही तर जुनंच चालू राहतं. रीलोड नाही, काही नाही. दुपारी काणकोणच्या एका घराचा वीकेंडचा नियम बदलला, पुढच्या रिक्वेस्टला नवा दर आला, मधे कोणाचंही पान अडकलं नाही.

राहिलंय ते एररचं. नियम परत पाठवला तर आत्ता फेनेलचा इंग्रजी संदेश आणि ओळीचा क्रमांक येतो, तो मालकांच्या काही कामाचा नाही. कुठला शब्द चालला नाही आणि त्याच्या जागी काय लिहिता येईल हे मराठीत सांगायला हवं, कोंकणीतही. उद्या सकाळी त्यालाच हात घालतो, आधी परवानगीच्या शब्दांची यादी एका फाईलमध्ये वेगळी काढायची, म्हणजे तपासणं आणि सुचवणं दोन्ही तिथूनच होईल.