तिसरी उशी

जुलैतली तुकडी परत येऊन बरेच दिवस झाले. हिशेब लागले, फोटो वाटून झाले, भिजलेले तंबू गच्चीवर वाळवून घड्या घातल्या. तरी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. ८३. माझ्या वहीत, माझ्याच अक्षरातला.

दादरच्या एका छोट्या कंपनीसाठी मी ट्रेकच्या तुकड्या नेते. अकरा वर्षं झाली. यंदा लडाखमधल्या मारखा खोऱ्यात चौदा जण होते, बहुतेक मुंबई-ठाण्याचे. लोकांना वाटतं, आमचं खरं काम खिंडीवर असतं, दोर, बर्फ, वारा. मारखाच्या वाटेवर कोंगमारू ला ही पाच हजार मीटरच्या वरची खिंड आहे, तिथे लक्ष ठेवावं लागतंच. पण माझी झोप उडते ती त्याआधी, लेहच्या हॉटेलातल्या पहिल्या दोन रात्रींत.

आपला सगळ्यात उंच डोंगर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेह शहरच साधारण ३,५०० मीटरवर आहे. आदल्या रात्री परळला जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या धावपट्टीवर उतरतो. हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश. शरीराला तडजोड करायला दिवस लागतात आणि आपण त्याला तास देतो. मी दरवर्षी ऑफिसात लेहच्या तीन रात्री मागते, दरवर्षी दोनच मिळतात. एक रात्र वाढली की सात खोल्यांचं भाडं वाढतं आणि गिऱ्हाइकाची एक रजा वाढते. मग लोक शेजारच्या कंपनीचं पत्रक दाखवतात, त्यांच्याकडे एक दिवस कमी आहे म्हणून. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आमचं हॉटेल चांगस्पा भागात, स्वस्तातलं. तीन मजले, लिफ्ट नाही, खोल्यांत फोन नाही. गरम पाणी सकाळी दोन तास, नंतर हवं तर बादली मागायची. मालकीणबाईंना सगळे अमा-ले म्हणतात. भाजी त्यांच्या मागच्या वाफ्यातली, डाळ चवीची, चादरी स्वच्छ. मोठ्या हॉटेलांपेक्षा मला हे आवडतं, कारण इथे माणसं एकमेकांच्या नजरेसमोर राहतात. निदान मला तसं वाटायचं.

पोहोचल्यावर सामान वर जाण्याआधी मी एक काम करते. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून पाहते. हॉटेलवाले ‘है ना मॅडम’ म्हणतात, तेवढ्यावर मी थांबत नाही. काटा कुठे आहे, नळी तडकलेली आहे का, बुडबुड्यांच्या बाटलीत पाणी आहे का आणि मुख्य म्हणजे चावी कुठे आहे. एका हॉटेलात भरलेला सिलिंडर होता आणि चावी मालकाच्या मेव्हण्याच्या गाडीत. तेव्हापासून मी लाल नाडा सोबत नेते आणि चावी सिलिंडरच्या मानेलाच बांधून टाकते. दीड हजार लिटरचा सिलिंडर मिनिटाला चार लिटरने सहा तास पुरतो. बाजारात ऑक्सिजनचे हलके डबे मिळतात, आमचे लोक हौसेने दोन-दोन घेतात आणि निर्धास्त होतात. दहा लिटरचा डबा त्याच हिशेबाने अडीच मिनिटं चालतो. हे मी दादरच्या बैठकीत फळ्यावर गणित मांडून सांगते. तरी घेतात.

दुसरी गोष्ट फोनची. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. हेही सांगून झालेलं असतं. तरी तुकडीतले अर्धे फोन विमानतळावरच मुके होतात.

तर काका. वय साठ, रेल्वेत मोटरमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. काकूंसोबत आले होते. माझ्याबरोबर त्यांनी रतनगड केला, हरिश्चंद्रगड केला, पावसात कधी कुरकुर नाही. सकाळी चहाला सगळ्यांच्या आधी हजर, बूट बांधलेले. अशा माणसाचं काही चांगलं करावं म्हणून मी त्यांना तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली दिली. तिच्या खिडकीतून स्टोकच्या डोंगरांची सगळी रांग दिसते. जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

मी सांगितलेलं सगळं काकांनी पाळलं. पहिला दिवस झोपून काढला, पाणी प्यायले, दारूचा प्रश्नच नव्हता. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारून मुंबईपासून सुरू केली होती. ठाण्याची दोन मुलं मात्र पहिल्याच संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढून आली, वर नाचली, व्हिडिओ काढले. त्या दोघांना काहीही झालं नाही. हे मला अजून पचत नाही.

सकाळ-संध्याकाळ मी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते आणि रक्तातला ऑक्सिजन किती टक्के, तो आकडा वहीत लिहिते. पहिल्या संध्याकाळी काका ८७. दुसऱ्या सकाळी ८५. दुसऱ्या संध्याकाळी जेवणाच्या खोलीत लावला तर ७८. हात गार होते. गार बोटावर यंत्र चुकीचं दाखवतं, नखाला रंग असला तरी चुकतं, हे खरं आहे, म्हणून हात चोळून पुन्हा लावायचा ही रीतच आहे. मी काकांचे हात माझ्या हातात घेऊन चोळले, ते हसले, म्हणाले, “अगं, इंजिन गरम व्हायला वेळ लागतो.” पुन्हा लावला. ८३. मी ८३ लिहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळले.

त्या पानावर बाकी तेराही जण आदल्या संध्याकाळपेक्षा वर गेले होते. ८८, ९०, ९१. एकटे काका खाली येत होते, ८७, ८५, ८३. तीन आकडे मीच लिहिलेले, एकाखाली एक. चोळून आणलेला ८३ सुद्धा खालीच होता. मला दिसला नाही, कारण ७८ चा ८३ झाला याचंच मला बरं वाटलं होतं.

प्रश्नावलीही भरून घेतली होती. लेक लुईसची, उंचीचा आजार ओळखायची. डोकं दुखतं का, मळमळतं का, थकवा किती, चक्कर येते का. काकांचं डोकं दुखत नव्हतं. भूक बेताची, पण वरण-भात खाल्ला. एकूण गुण एक. या प्रश्नावलीत पूर्वी झोपेचाही प्रश्न होता, २०१८ मध्ये तो काढला. कारणही पटण्यासारखं आहे, उंचीवर झोप जवळपास सगळ्यांचीच बिघडते, त्यावरून आजार ओळखू येत नाही. शिवाय ही प्रश्नावली डोकेदुखीवाल्या आजारासाठी आहे. फुप्फुसात पाणी होतं तो प्रकार वेगळा, तो तिच्यात सापडेलच असं नाही. डायमॉक्सही पहिल्यावर चालते, दुसऱ्यावर तिचा भरवसा नाही. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यांत फरक पडतो.

सकाळी सहाला ट्रेकसाठी चिलिंगकडे निघायचं होतं, म्हणून रात्री साडेनऊला मी हिशेबाला बसले. स्वस्त हॉटेलात जास्तीच्या वस्तूंची वही असते. बादली, थर्मास, ब्लँकेट, धुणं. सकाळी त्यावरून वाद झाला की गाड्यांना उशीर होतो, म्हणून मी आदल्या रात्रीच ओळ न् ओळ तपासते. खोली ३०२ समोर लिहिलं होतं, थर्मस ३, तकिया २, शंभर रुपये.

उशीचे पैसे? मी चिडले. स्वयंपाकघरात भांडी आवरत असलेल्या मुलाला बोलावलं. झारखंडचा, वीस-बावीसचा असेल, हंगामापुरता येतो. मी म्हटलं, उशीचे कसले पैसे लावता?

तो म्हणाला, “दीदी, कल रात में दिया था. अंकल लेटते नहीं हैं. बैठ के सोते हैं.”

वही उघडी टाकून मी जिना चढले. तिसऱ्या मजल्यावर माझाच श्वास फुलला होता, म्हणून दारात थांबले, तेव्हा आतला खोकला ऐकू आला. कोरडा, आखूड, थांबत नव्हता.

काका पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. पाठीशी तीन उशा. काकू सकाळच्या तयारीत, सॅकमध्ये कपडे कोंबत होत्या. “काही नाही गं,” काका म्हणाले, मग श्वास घेतला, “जरा,” पुन्हा श्वास, “घसा धरलाय.” तीन शब्दांचं वाक्य एका दमात होत नव्हतं. मी त्यांच्या पाठीला कान लावला. आत वाळका पाला चुरडल्यासारखा आवाज येत होता. बोटाला यंत्र लावलं. ६४. नाडी १२२.

या वेळी मी हात चोळले नाहीत.

खिडकीतून खाली ओरडले. त्या मुलाने सिलिंडर खांद्यावर घेतला आणि तीन मजले चढून आला. चावी नाड्याला होती. चार लिटरवर लावला, दहा मिनिटांत ८६ झाले, ओठांचा रंग बदलला. मग प्रश्न खाली आणण्याचा. अशा माणसाला एक पायरीही चालू द्यायची नाही, चालला की फुप्फुसांवरचा ताण वाढतो. प्लास्टिकच्या खुर्चीचे हात वाकतात, म्हणून जेवणाच्या खोलीतली लोखंडी खुर्ची आणली, ओढणीने काकांना छातीशी बांधलं. ठाण्याची तीच दोन मुलं मागे, स्वयंपाकघरातला मुलगा आणि माझा सहायक पुढे, सिलिंडर माझ्याकडे. जिना इतका अरुंद की वळणावर खुर्ची उभी धरावी लागली. काका त्या अवस्थेत दोन वेळा म्हणाले, “मी उतरतो ना चालत.”

पुस्तकात लिहिलेलं असतं, ताबडतोब खाली उतरवा. लेहमधून खाली कुठे उतरवणार? मनालीचा रस्ता तांगलांग ला ही खिंड चढतो, पाच हजार मीटरच्या वर. श्रीनगरचा रस्ता आधी फोटू ला या खिंडीवर नेतो, चार हजारांच्या वर. दोन्हीकडे उतरण्यासाठी आधी चढायचं. विमानं प्रामुख्याने सकाळी, दुपारनंतर तिथे वारा सुटतो. रात्री दहाला उरतो तो ऑक्सिजन आणि सरकारी रुग्णालय. अमा-लेंनी स्वतः व्हॅन काढली. सोनम नोरबू रुग्णालयात पोहोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, चेहऱ्यावर घाई नव्हती. काकांना ऑक्सिजन जोडून झाल्यावर त्यांनी काकूंना पहिला प्रश्न विचारला, “रात को कितने तकिये पे सोते हैं?”

काकू म्हणाल्या, “तीन.”

एक्स-रेमध्ये कापूस पिंजून टाकावा तसे पांढरे ठिपके, उजवीकडे जास्त. फुप्फुसात पाणी. हा प्रकार बहुधा पोहोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री गाठतो आणि तंदुरुस्त माणसालाही सोडत नाही. त्यांनी गोळी सुरू केली, पूर्ण विश्रांती सांगितली. “आज आ गए, अच्छा हुआ,” एवढंच बोलल्या. सकाळी सहाला निघालो असतो तर दुपारी काका स्क्यूच्या वाटेवर पाठीवर सॅक घेऊन चालत असते. मी पुढे विचार करत नाही. करते, पण लिहीत नाही.

रात्रभर मी आणि काकू बाकावर होतो. त्यांना आदल्या रात्रीच कळलं होतं की हे नेहमीसारखं नाही. त्यांचा फोन प्रीपेड, मुका. पाण्याचा थर्मास घेऊन आलेल्या मुलाकडे उशा मागितल्या आणि तेवढ्यावर निभावलं. खाली येऊन मला उठवायला निघाल्या तर काका म्हणाले, पोरगी दिवसभर दमते, तिला कशाला उठवतेस. मी खालच्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत होते. त्यांना तळमजल्यावर ठेवलं असतं तर तो खोकला मला भिंतीतून ऐकू आला असता. स्टोकची रांग मी त्यांना प्रेमाने दिली होती.

पहाटे काकांना डोळा लागून जाग आली, मला पाहिलं आणि मास्कमधूनच विचारलं, “माझ्यामुळे गाडी लेट झाली का?” एकतीस वर्षं लोकल चालवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न.

झाली, दीड तास. माझ्या चोवीस वर्षांच्या सहायकाने बाकी बारा जणांना घेऊन मारखा नीट पार पाडला, एकदाही फोन करून मला छळलं नाही. मोठ्या तुकड्या नेणाऱ्या कित्येकांपेक्षा तो पोरगा शहाणा आहे. तुकडीतल्या एका गृहस्थांनी मात्र निघताना मला ऐकवलं, दीड तासात आमचा एक टप्पा गेला. ऑफिसचा फोन सकाळी नऊला आला. पहिलं वाक्य होतं, “बाकीचे वेळेत निघाले ना?” काकांची चौकशी दुसऱ्या वाक्यात होती. तिसऱ्या रात्रीचा विषय मी तिथेच पुन्हा काढला. “सीझन संपल्यावर बोलू,” म्हणाले. अजून बोलणं झालेलं नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सोडलं. सकाळच्या विमानाने काका-काकू दिल्लीला आणि तिथून मुंबईला. मी हॉटेलचं बिल भरायला गेले, तर अमा-लेंनी उशांची ओळ खोडली होती. मी शंभर रुपये त्या मुलाच्या हातात ठेवू लागले, त्याने घेतले नाहीत. निघताना “अंकल ठीक है ना?” असं तीनदा विचारलं.

ऑगस्टच्या तुकडीसाठी ऑफिसातून तक्ते छापून आले, जुनेच. मी प्रत्येक कागदाच्या समासात पेनाने एक रकाना आखला. उशा किती. लोक विचारतात, हे काय? मी सांगते. आता सगळ्यात वयस्कर माणूस तळमजल्यावर राहतो, देखावा दिसो न दिसो. दोघांनी त्यावरून तक्रार केली.

काकांचे बूट माझ्याकडे राहिले होते. मागच्या रविवारी ते द्यायला परळला गेले. चौथा मजला, जुनी इमारत. काका दुधाच्या पिशव्या घेऊन माझ्या मागोमाग जिना चढून आले, बोलत बोलत, न थांबता. मी पिशवीतून ऑक्सिमीटर काढला तर हसून बोट पुढे केलं. ९८. चहा झाला. पुढच्या वर्षी कुठे, असं त्यांनीच विचारलं. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

काकू दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा मी हळूच विचारलं.

“एकच गं,” त्या म्हणाल्या. “तीही रात्री खाली ढकलून देतात.”