तुम्ही विचारलंत म्हणून: आमची खरखर काढता, मग स्वतःची का ठेवता?

जुन्या स्पूल टेप आणि कॅसेटवरचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा माझा पुण्यातला व्यवसाय. कुणाच्या आजोबांचं कीर्तन, कुणाच्या आत्याने मंगळागौरीत म्हटलेली गाणी, वाड्यातल्या बैठका, असा सगळा माल. न्यायला आलेली माणसं जरा टेकतात. मागे काहीतरी वाजत असतं, आणि बरेचदा ते ‘हार्ट ऑफ द काँगोज’ असतं. मग प्रश्न ठरलेला. आमच्या टेपची खरखर काढायचे पैसे घेता, आणि स्वतः मात्र ही धुरात बुडालेली रेकॉर्ड ‘रिमास्टर्ड’ असा शिक्का बघून पुन्हा पुन्हा विकत घेता. त्यात नवीन ते काय मिळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जरा लांबेल, चहा घ्या.

हा अल्बम जमैकाचा, 1977 सालचा. द काँगोज म्हणजे मुळात दोघं: सेड्रिक मायटन आणि ‘अशांती’ रॉय जॉन्सन. मायटनचा आवाज फॉल्सेटोत इतका वर जातो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती बाई वाटते. जॉन्सन मधल्या पट्टीत गातो. निर्माता ली ‘स्क्रॅच’ पेरी याला या दोघांच्या खाली जमीन हवी होती, म्हणून त्याने वॉटी बर्नेट हा खर्जातला गायक जोडून दिला. बेसवर बोरिस गार्डिनर, ड्रमवर स्लाय डनबार, गिटारवर अर्नेस्ट रँग्लिन. मागच्या कोरसमध्ये ग्रेगरी आयझॅक्ससारखा स्वतःच्या नावावर रेकॉर्ड खपवणारा गायकसुद्धा आहे. विषय रूट्स रेगेचे, म्हणजे जमैकाच्या रेगे संगीतातल्या श्रद्धेच्या आणि समाजाच्या गाण्यांचे, नेहमीचे: बायबल, आफ्रिका, भूक, आणि आफ्रिकेला मायभूमी मानणारी रास्ताफारी श्रद्धा. 1976 मध्ये जमैकात राजकीय हिंसाचारामुळे आणीबाणी लागली होती. ‘फिशरमन’मध्ये नावाडी वल्ही मारत आहेत आणि किनाऱ्यावर उपाशी पोरं वाट बघताहेत, ते त्या काळच्या किंग्स्टनमध्ये कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

आता खरखरीकडे येऊ, कारण तुमचा प्रश्न तोच आहे.

पेरीचा स्टुडिओ, ब्लॅक आर्क, किंग्स्टनच्या वॉशिंग्टन गार्डन्स भागात त्याच्या घराच्या परसात होता. 1973 मध्ये बांधलेला. शहरातल्या मोठ्या स्टुडिओंत तोवर 16 ट्रॅकची यंत्रं आली होती. पेरीकडे टीअॅकचं चार ट्रॅकचं यंत्र, टेप पाव इंच रुंदीची. चार ट्रॅक म्हणजे एका वेळी चारच गोष्टी वेगवेगळ्या धरता येतात. ड्रम आणि बेस घेतले, गिटार आणि ऑर्गन घेतले की संपलं, गायकांना जागा नाही. मग हे चार ट्रॅक मिसळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत आवाज घ्यायचे, पुन्हा मिसळायचे, वर तालवाद्यं आणि कोरस चढवायचा. याला धंद्यात ‘बाउन्स’ म्हणतात. प्रत्येक वेळी नकलेची नक्कल होते. टेपची स्वतःची सुरसुर थोडी वाढते, वरच्या पट्टीतला कणखरपणा थोडा झिजतो. पेरीला विचारलं तर तो सांगायचा की यंत्रावर चारच ट्रॅक लिहिलेले होते, उरलेले वीस आपल्याला परग्रहावरच्या मंडळींकडून मिळायचे. माणूस तसाच होता. टेपवर गांजाचा धूर सोडायचा, टेपा मातीत पुरायचा.

पण यंत्र चालवताना तो वेडा नव्हता. बाउन्स करताना कोऱ्या आवाजाची नक्कल त्याने क्वचितच केली. जाता जाता आवाज म्यूट्रॉन कंपनीच्या फेझर नावाच्या यंत्रातून न्यायचा, त्यामुळे झांजेचा आवाज भरती-ओहोटीसारखा हलतो. रोलंडच्या स्पेस एको या प्रतिध्वनीच्या यंत्रातून न्यायचा, त्यामुळे शब्दाचं शेपूट लांब ओढलं जातं. हे सगळं त्याच टेपवर कायमचं बसलं. नंतर कुणाला वाटलं की इथला एको काढू या, नुसता मायटनचा आवाज ऐकू या, तर तो वेगळा कुठे उरलेलाच नाही. आणि मध्येच गाय हंबरते ना? तुम्ही हमखास विचारता. ती गाय नाही, वॉटी बर्नेट आहे. पुठ्ठ्याच्या नळीला चांदीचा कागद गुंडाळून त्यातून तो खर्जात हंबरला.

म्हणून या अल्बममधली खरखर आणि तुमच्या आत्याच्या टेपवरची खरखर माझ्या कामाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. आत्याच्या टेपमध्ये खोलीत आत्या आहे, आणि खरखर नंतर, बाहेरून आली आहे: स्वस्त टेप, मळलेलं हेड (यंत्राचा टेपला टेकणारा भाग), माळ्यावरची दमट हवा. तिथे मला आत्या हवी असते. शब्द कळले, तिचा श्वास कळला की घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि माझं काम झालं. सॉफ्टवेअरने थोडी झांज गेली, खोलीचा घुमारा गेला, तरी कुणाची हरकत नसते. ब्लॅक आर्कच्या टेपमध्ये सुरसुर, झांज आणि एकोचं शेपूट एकाच पट्टीत, एकमेकांत गुंतून बसलेली आहेत. खरखर काढणारं सॉफ्टवेअर हळू होत जाणारा आवाज आणि खरखर यांत फरक करायला कच्चं असतं. ते आधी एकोच्या टोकाला कात्री लावतं. मग गाणं कोरडं पडतं, आणि पेरीने ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच निघून जातं. ‘फिशरमन’ मी एकदा मुद्दाम, फक्त बघायला म्हणून, आमच्या नेहमीच्या सेटिंगवर घासून बघितलं होतं. तिघं जण बाथरूमच्या दारामागे गाताहेत असं वाटत होतं. फाइल लगेच उडवली.

मग रिमास्टर करणारा करतो तरी काय? इथे लोकांची गल्लत होते, त्यामुळे दोन वाक्यं. वेगवेगळ्या ट्रॅकचं एकत्र मिश्रण म्हणजे मिक्स. तयार मिक्स तबकडीवर किंवा सीडीवर जाण्याआधी त्याच्या एकूण सुराची, उंच-खोलाची, आवाजाच्या पातळीची शेवटची जुळवणी म्हणजे मास्टरिंग. रिमास्टरमध्ये मिक्सला हात लागत नाही, ही शेवटची पायरी पुन्हा चढली जाते. 1977 च्या तबकडीसाठी बेस आवरावा लागला असेल, कारण फार मोठा बेस चरात कोरला की सुई उडते. सीडीला ती अडचण नाही. त्यामुळे चांगल्या रिमास्टरमध्ये गार्डिनरचा बेस पोटापर्यंत येतो. टेप वाजवताना हेडचा कोन टेपशी अचूक जुळवला तर मायटनच्या आवाजाची धार परत येते. वेग तपासला तर गाणं आपल्या मूळ पट्टीत बसतं. कंटाळवाणं काम आहे. पण निम्मा फरक इथेच पडतो, आणि जाहिरातीत याचा उल्लेख सहसा नसतो.

वाईट रिमास्टर ओळखायचं तर आवाज वाढलाय का बघा. गेल्या तीसेक वर्षांत पुष्कळ जुने अल्बम नव्याने काढताना हळू आवाजाच्या जागा वर उचलून सगळं एका उंचीला आणलं गेलं. दुकानात, गाडीत पटकन नजरेत भरतं. रेगेत हा गुन्हा आहे. ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिल्या मात्रेवर ड्रम वाजतच नाही, जोर तिसरीवर पडतो. आपल्या भाषेत, सम मोकळी सोडलेली असते. ती मोकळी जागाच माणसाला हलवते. हळू आवाज वर उचलले की त्या रिकाम्या जागेत सुरसुर आणि घुमारे भरतात, आणि ठेका चिखलात चालल्यासारखा होतो. अशी ‘नवी’ प्रत फुकट मिळाली तरी मी घेत नाही.

पण खरं सांगायचं तर मी रिमास्टर्ड प्रती चकाकीसाठी घेतच नाही. कुठल्या टेपवरून काढली आणि पैसे कुणाला गेले, हे दोन प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात. आणि या अल्बमच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांना इतिहास आहे.

पेरीचं काम तेव्हा लंडनची आयलंड रेकॉर्ड्स बाहेर आणत होती. मॅक्स रोमिओचा ‘वॉर इना बॅबिलॉन’ आणि ज्युनियर मर्व्हिनचा ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ हे ब्लॅक आर्कमधलेच अल्बम त्यांनी काढले. काँगोजचा मात्र घेतला नाही. का, यावर रेगेवाले अजून भांडतात, मी त्यात पडत नाही. पेरीने स्वतःच्या ब्लॅक आर्ट लेबलवर जमैकात मोजक्या शेकडा प्रती छापल्या. मग त्याला स्वतःलाच तो मिक्स पुरेसा वाटला नाही. त्याने पुन्हा मिक्स केला, त्यात घुमारे आणि चित्रविचित्र आवाज वाढवले. म्हणजे एकाच अल्बमची दोन रूपं झाली: पहिलं कोरडं, गायक समोर येऊन गाताहेत असं; दुसरं दाट, गायक धुक्यातून येताहेत असं. दरम्यान गायकांचं आणि पेरीचं बिनसलं. 1981 मध्ये इंग्लंडच्या द बीट या बँडने आपल्या गो फीट लेबलवर तो परत काढला, मग पुन्हा बरीच वर्षं शुकशुकाट. ब्लॅक आर्क तोवर बंद पडून जळूनही गेला.

1996 मध्ये मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर या लेबलने दुसऱ्या मिक्सची दोन सीडींची आवृत्ती काढली, सोबत डब, म्हणजे गाणं काढून वाद्यं आणि एको पुढे आणलेली रूपं, आणि लांब रूपं. लेबलमागचा जाणकार स्टीव्ह बॅरो, आणि पैसा लावणाऱ्यांत सिंपली रेडचा गायक मिक हकनल. जमैकन संगीत तोपर्यंत बाहेरच्या बाजारात बहुतेकदा गचाळ छपाईत, नावं गाळून, गायकाला दमडीही न देता विकलं जायचं. या लोकांनी कलाकारांशी रीतसर करार केले, पैसे दिले, कुणी काय वाजवलं ते शोधून पुस्तिकेत छापलं. वीस वर्षं जे नाव फक्त जमवणाऱ्यांच्या तोंडी होतं, ते या आवृत्तीमुळे साध्या दुकानात पोचलं. पुढे 2017 मध्ये, अल्बमच्या चाळिशीला, व्हीपी या रेगे कंपनीच्या 17 नॉर्थ परेड या लेबलने जी आवृत्ती काढली, तिच्यात तो दुर्मीळ पहिला मिक्सही आला. मोजक्या प्रतींमध्ये अडकलेली गोष्ट सर्वांच्या हाती आली. तिथे माझे पैसे सत्कारणी लागले असं मी मानते.

तर तुमच्या प्रश्नाला व्यवहारी उत्तर. एकच प्रत घ्यायची असेल तर चाळिशीची घ्या, दोन्ही रूपं ऐकायला मिळतात. पहिल्यांदा ‘फिशरमन’ लावा, मग ‘काँगोमॅन’, सहा मिनिटांहून लांब आहे, घाई करू नका. फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका, बेस त्यात येतच नाही. हेडफोन साधे असले तरी चालतील. झांज हलते आहे असं वाटलं तर फेझर आहे, हेडफोन बिघडलेले नाहीत. हा फोन मला येऊन गेलाय.

दोन रूपांपैकी चांगलं कुठलं, यावर जमवणारे पहिल्याच्या बाजूने असतात. दुर्मीळ ते उत्तम असा त्यांचा एक ठोकताळा असतो, आणि गायकांचे शब्द त्यात नीट कळतात हेही खरं. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. पहिला ऐकून पेरीचं समाधान झालं नाही, आणि जे कमी पडलं ते त्याने भरलं. फक्त ‘चिल्ड्रन क्रायिंग’ मला पहिल्यात जास्त आवडतं, तिथे दुसऱ्यात हात जरा जास्त फिरलाय. त्यावर वाद घालायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर या, तेव्हा गिऱ्हाईक नसतं.