दोन मग, एक कांदा

काल न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये मॅक्सॉर्लीज नावाच्या जुन्या बारमध्ये गेलो. पाटीवर 1854 लिहिलंय. काही अभ्यासक म्हणतात, इमारतच त्यानंतरची. असो, आपल्याकडेही 'आद्य' मिसळवाले कमी नाहीत.

जमिनीवर लाकडाचा भुसा. प्यायला दोनच प्रकार, लाइट किंवा डार्क एल, म्हणजे एक प्रकारची बिअर. मी एक मागितली, वेटरने दोन मग आदळले. ‘अगं, इथे जोडीनेच मिळतात,’ नवरा म्हणाला. हे आधी सांगायला काय झालं होतं? सोबत चीज, खारी बिस्किटं आणि कच्चा कांदा. मोहरीची चटणी मात्र थेट नाकात जाते!

बारच्या वर टर्की पक्ष्याच्या छातीची चिमट्यासारखी हाडं टांगलीत. पहिल्या महायुद्धाला निघालेल्या पोरांनी ती अडकवली, परत आल्यावर काढायची म्हणून. जी राहिली ती राहिलीच. मी मान वर करून बघत बसले, मगावरचा फेस बसून गेला.

आणि ऐका, 1970 पर्यंत इथे बायकांना प्रवेशच नव्हता. कोर्टाचा निकाल आणि शहराचा कायदा आल्यावर दार उघडलं. गंमत म्हणजे 1939 पासून मालकीण बाईच होती! वडिलांना दिलेल्या शब्दाखातर दुकान चालू असताना ती आत पाऊल टाकत नसे. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह यायला 1986 उजाडलं.

दुसरा मगही मीच संपवला. नवऱ्याला कांदा दिला.