माझ्या नावाचा केसपेपर

जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर त्या ताईंनी विचारलं, "पेशंट कुठंय?" मी म्हटलं, "मीच." आठ महिने मी दवाखान्यांच्या खिडक्यांसमोर उभी राहत होते, पण दर वेळी नाव ह्यांचं सांगत होते. वय, वजन, रक्तगट, आधारचा नंबर, सगळं ह्यांचं तोंडपाठ. त्या दिवशी स्वतःचं वय सांगताना मी अडखळले.

ह्यांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. वीस वर्षं तंबाखू, मधली काही वर्षं गुटखा. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी पुडी कुठून तरी मिळतच राहिली. तोंडातली जखम "दात लागतोय" म्हणत तीन महिने अंगावर काढली. मग मुंबईत ऑपरेशन झालं. खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचा स्नायू वर घेऊन गालाला लावला. खर्चाचा मोठा भाग महात्मा फुले योजनेतून निघाला. पुढे शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, तीस दिवस, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. तेवढे दिवस आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो. तिथे आजूबाजूला सगळी आमच्यासारखीच माणसं. मला रडू आलं तर शेजारची बाई काही विचारायची नाही, नुसता चहा पुढे करायची. गावी परतल्यावर मात्र मी एकटी पडले.

नाकात नळी होती. दर दोन तासांनी भरवायचं. पेज, डाळीचं पाणी, दूध, उकडलेलं अंडं, सगळं मिक्सरमधून काढून दोनदा गाळायचं, कारण एक कण अडकला तरी नळी बंद. ह्यांना उशी लावून टेकवून बसवायचं, मोठ्या सिरिंजमधून हळूहळू सोडायचं, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. गोळ्यासुद्धा कुटून. शेवटचं भरवणं रात्री साडेदहाला, पहिलं पहाटे पाचला, आणि मधल्या वेळात ह्यांना खोकला आला की मी उठून बसायचे. एका शंभर पानी वहीत मी भरवायच्या वेळा लिहायचे. हेही त्याच वहीत लिहून बोलायचे, कारण ह्यांचे शब्द कुणाला कळत नव्हते.

जागरण सोसवलं असतं. राग सोसवेना. भरवताना मनात यायचं, पुडी तुम्ही खाल्लीत आणि भोगतेय मी. लगेच त्या शिवलेल्या गालाकडे बघून माझीच मला शिसारी यायची. हे सांगायचं कुणाला? सासूबाईंना तर "गाठ होती, काढली" एवढंच सांगितलेलं. भेटायला येणारा प्रत्येक जण "तू खंबीर राहा, तूच खचलीस तर कसं" असं म्हणून जायचा. खंबीर या शब्दाचा मला अजून वीट आहे. माणूस खंबीर आहे असं एकदा ठरलं, की त्याला जेवलीस का, असंही कुणी विचारत नाही.

एका दुपारी आमच्या गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आल्या तेव्हा मी पेज गाळत होते आणि गाळण्याखाली भांडंच नव्हतं. पेज ओट्यावरून खाली वाहत होती आणि मी बघत उभी होते. त्यांनी गॅस बंद केला, मला बसवलं आणि वहीच्या मागच्या पानावर नंबर लिहिला: १४४१६. टेली-मानस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

मी रात्री दीडला, न्हाणीघरात जाऊन फोन लावला. पलीकडच्या बाईंना मी ह्यांच्या आजाराबद्दलच सांगत सुटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुम्ही? किती झोपता? जीव नकोसा वाटतो का?" इतकं थेट कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मरावंसं वाटत नाही, पण सकाळ होऊ नये असं वाटतं. त्या दचकल्या नाहीत, उपदेशही केला नाही. पुन्हा असं वाटलं तर कुठल्याही वेळी फोन करा म्हणाल्या, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात जायला सांगितलं. जाऊन यायला मला अकरा दिवस लागले. ह्यांच्याजवळ थांबायला कुणी मिळेना, आणि स्वतःसाठी गाडीभाडं खर्च करायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटत होतं.

तिथल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी बावीस प्रश्न विचारले. ती प्रश्नावली झॅरिट यांच्या नावाने ओळखली जाते आणि मुळात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांवरचा ताण मोजायला केलेली आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. माझे ५३ आले. पण माझ्या लक्षात राहिला तो एकच प्रश्न: रुग्णाजवळ असताना तुम्हाला राग येतो का? म्हणजे हा राग छापील होता! माझ्याआधी तो इतक्या जणांना आला होता, की कुणीतरी त्याचा प्रश्न करून ठेवला होता. मी तिथेच रडले, पोटभर.

डॉक्टरांनीही तपासलं. तूर्त गोळ्या नकोत, महिन्याने परत बघू म्हणाले. मॅडमनी मात्र कामाला लावलं. वहीत डाव्या पानावर ह्यांच्या वेळा लिहायच्या, उजव्या पानावर माझं जेवण आणि झोप. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला नेमकं काम आणि वेळ सांगायची. मी धाकट्या दीराला नळीतून भरवायला शिकवलं. त्याचे हात थरथरायचे, आठवड्यात बसले. रात्रीचं साडेदहाचं त्याच्याकडे गेलं आणि मी दहाला आडवी व्हायला लागले.

चौथ्या वेळी मॅडमनी ह्यांनाही बोलावलं. बराच वेळ माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मी जमिनीकडे बघत म्हणाले, "मला तुमचा राग येतो. तंबाखूचा." ह्यांनी वही मागितली. दोनच शब्द लिहिले: "मला पण."

येताना एसटीत आम्ही बोललो नाही. घरी पोचल्यावर ह्यांनी लिहून सांगितलं, आईला आता खरं सांगू. दुसऱ्या दिवशी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मला कळलं होतं गं, तुम्हीच बोलत नव्हतात."

आता नळी निघाली आहे. हे मऊ खिचडी खातात, थोडी सांडते. मी ब्लाउज शिवायला पुन्हा घेतलेत, आठवड्याला चार-पाच. उजव्या पानावर झोपेचा आकडा अजून साडेपाचाच्या वर जात नाही, आणि मुंबईच्या तपासणीची तारीख जवळ आली की तीनावर येतो. माझी पुढची तारीख सोळाची आहे, ह्यांची त्यानंतर चार दिवसांनी. दोन्ही कागद एकाच पिशवीत ठेवलेत.